नदी शिकवायची म्हणजे नदीतच जायचं?

...अहो, पण नदी शिकवायची म्हणजे नदीतच जायचं? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी मिसिसिपी भिंतीवर शिकवली. नकाशा, छडी, 'बोल, उगम कुठे, मुख कुठे?' झालं! एक पोरगं भिजलं नाही! आणि या नव्या शाळेत? इथे धडे पोरं ठरवतात! मुख्याध्यापिका स्टॉलमायरबाई, आवाज मधात बुडवलेला, "प्रुइट सर, मुलाला ज्याचं कुतूहल, तोच अभ्यासक्रम. मूल मध्यभागी!" म्हटलं, "आणि मास्तर?" तर म्हणे, "मास्तर जरा बाजूला."

पोरांना कुतूहल कशाचं? तराफ्याचं! ओंडके मोजले, ते गणित. दोर वळला, ते हस्तकौशल्य. मी आपला रोज देवाला विनवतोय, बाबा रे, ओंडके कुजव... छे! मे महिन्यातल्या एका मंगळवारी अकरा पोरं आणि मी, गावच्या नदीत, तराफ्यावर. आणि मला पोहता येत नाही! कुणाला सांगितलं होतं? कुणाला नाही. मास्तरानं असलं सांगायचं असतं?

दोराचं एक टोक काठावरच्या झाडाला, दुसरं तराफ्याला बांधलेलं. पन्नास फूट जायचं, परत यायचं. तेवढ्यात नऊ वर्षांचा व्हर्जिल, अगदी गोड आवाजात, "सर, ही गाठ कशी सुटते याचं मला कुतूहल वाटलं..."

सुटली ना! मूल मध्यभागी, तराफा मध्यभागी, किनारा बाजूला! पुढे गिरणीचा बंधारा, पाणी कोसळल्याचा आवाज इथवर येतोय, अकरा पोरं, अकरा जणांच्या आया डोळ्यांपुढे... मी ओंडक्याला मिठी मारून पालथा पडलेलो, आणि तोंडातून काय निघावं? "हात वर केल्याशिवाय कुणी बोलायचं नाही!"

हात एकच वर झाला. टिली ब्रांट. आठ वर्षांची, नावाड्याची पोर, वर्षभर वर्गात चकार शब्द नाही, मी वहीत 'मंद' लिहून मोकळा! आठवडाभर काठावर बसून पाण्यात लाकडाच्या ढलप्या सोडत होती, मला वाटलं, टिवल्याबावल्या चालल्यात.

"सर, तुम्ही पडूनच राहा. वळणावर आतल्या बाजूला पाणी संथ असतं, मी बघितलंय. ए, सगळ्यांनी वासे घ्या! उजवीकडे... रेटा! रडतोस काय व्हर्जिल, रेट!"

रेटलं हो पोरांनी! तराफा वळला, लव्हाळ्यात घुसला, चिखलात रुतला. मी रांगत काठावर आलो आणि लहान पोरासारखा रडलो. म्हटलं, "टिली, बाळ, मला पोहता येत नाही गं."

"माहितीये, सर. तुम्ही पुलावरूनसुद्धा डोळे मिटून जाता."

त्याच दुपारी वहीतलं 'मंद' खोडलं. कागद फाटेपर्यंत खोडलं. म्हटलं, आता बाई तरी नदी बंद करतील! बाईंनी सगळं ऐकलं, चेहरा पांढराफटक. मग हळूच म्हणतात, "मुलांना आता कशाचं कुतूहल आहे?" मूल मध्यभागी!

मतदान झालं. पुढचा विषय, 'बुडणाऱ्याला कसं वाचवावं'. प्रात्यक्षिकाला बुडणारा माणूस हवा. अकराच्या अकरा हात वर, बोटं माझ्याकडे!

शनिवारी सकाळी नऊला आहे. टॉवेल घरून आणायला सांगितलाय.