तिसरं घड्याळ

लेक: शिट्टी राहू दे इथेच, सर. बाबांची चप्पल आणि टॉवेल तेवढा नेते.

सर: तो जाऊन तीन आठवडे झाले तरी चप्पल दमटच बघ. पोहण्याच्या तलावाकाठची खोली ही, इथे काही वाळत नाही. थांब, त्याची ही वही बघून जा.

लेक: वह्या शाळेच्या ना?

सर: हिच्यात तुझी शर्यत आहे. चौदा वर्षांखालच्या मुली, पन्नास मीटर.

लेक: ती होय! तिच्यावरून बावीस वर्षं टोमणे मारले मी त्यांना. जगातला एकमेव कोच, पोरीच्या शर्यतीला घड्याळाचं बटण दाबायला विसरला.

सर: मग तो काय म्हणायचा?

लेक: 'हो बाई, राहून गेलं.' एवढंच. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा टोमणा नव्हता तो, सर. तेरा वर्षांची होते. परत पाण्यात उतरले नाही.

सर: विसरला नव्हता. वाच.

लेक: 'सरांचं एकतीस सेकंद, आठ दशांश. गाण्याच्या बाईंचं एकतीस चार. माझं एकतीस चार. धरलं नाही.' … धरलं नाही म्हणजे?

सर: तीन घड्याळं असली की मधली वेळ धरायची. दोनच असली तर जास्तीची. तो नियम. शाळेचा विक्रम होता एकतीस सहाचा.

लेक: म्हणजे त्यांचं धरलं असतं तर…

सर: एकतीस चार. विक्रम तुझा होता.

लेक: आणि तुम्ही गप्प बसलात?

सर: भांडलो गं. म्हणाला, वीस देशांची पोरं इथे, त्यांचे आईबाप काठावर बसलेत. स्टाफच्या पोरीचा विक्रम, तोही बापाच्या घड्याळावर? उद्या तिलाच टोचून खातील. कुणाला बोललास तर याद राख.

लेक: खाऊ द्यायचं होतं. मला विचारायचं तरी एकदा.

(बाहेर तलावात कुणीतरी उडी मारतं.)

सर: उद्या बक्षीस समारंभ. विक्रमांच्या बोर्डावर नवं नाव चढायचंय. आठवीतली एक पोरगी, मागच्या महिन्यात एकतीस पाच पोहली. रंगारी दुपारी येतोय. मी आत्ता मुख्याध्यापिकांकडे जातो. वही आहे, खाली माझी सही आहे. तुझं नाव लागेल.

लेक: आणि तिचं?

सर: तिचं कसं लागणार? तुझी वेळ कमी आहे.

लेक: कशी आहे ती?

सर: अबोल. आली तेव्हा पाण्याला भ्यायची. दोन महिने तो नुसता तिच्याबरोबर पायरीवर बसायचा, पाय पाण्यात सोडून. घरी बोलला नाही?

लेक: पोहण्याचा विषय काढला की मी उठून जायचे, सर.

सर: हं.

लेक: तिच्या शर्यतीला घड्याळं किती होती?

सर: तीन. माझं, नव्या सरांचं आणि त्याचं. शेवटचीच शर्यत त्याची. नंतर चौथ्या दिवशी तर…

लेक: मधली वेळ कुणाच्या घड्याळाची होती?

सर: त्याच्याच.

लेक: धरलीत ना?

सर: धरली.

लेक: मग तिचंच नाव लागू दे.