बाबाजीचा बार

बाबाजी : ये गनी, अस्सा जवळ ये. त्या एसीखाली बसू नकोस, मला तू ऐकू येत नाहीस आणि तुला मी. आज एक आख्यान लावतो. ऐकता ऐकता तुझ्या हातातला करक चहा गार झाला नाही, तर सांग मला.

कुंदा : बाबा, आख्यान नंतर. मी पुन्हा विचारते. संजयचा गावाहून व्हॉइस मेसेज आलाय. शिमग्याची पालखी आज आपल्या दारात येतेय. तुम्ही काढायचात तसा त्याला बार काढायचाय. बंदुकीत दारू किती घालू, विचारतोय. एवढंच. सिंपल क्वेश्चन.

बाबाजी : चार बोटं.

कुंदा : मगाशी तीन म्हणालात. न्याहारीच्या वेळी दोन.

बाबाजी : मगाशी भेकराचं सांगत होतो.

कुंदा : आणि दोन?

बाबाजी : दोन कोण म्हणालं?

गनी : थांब कुंदा, मला जरा समजू दे. बंदूक? काका, तुमच्याकडे बंदूक आहे, आणि मी खालच्या मजल्यावर राहून मला पत्ता नाही?

कुंदा : इथे नाही हो गनीभाई! अबुधाबीत बंदूक कुठली? गावी, राजापूरला. माजघरात खुंटीला असते. शेताच्या राखणीसाठी परवाना आहे बाबांच्या नावावर. आता घर माझा चुलतभाऊ बघतो, संजय. त्यानं आजवर कधी हात लावला नाही तिला, म्हणून विचारतोय.

गनी : ठासणीची?

बाबाजी : ठासणीची. एकनळी. माझ्या खांद्याएवढी.

गनी : या अल्ला! आमच्या बाबांकडे होती मंडणगडला. दोननळी. मग काका, इतके दिवस आपण क्रिकेट कशाला बोलत बसलो?

बाबाजी : तू विचारलंस कधी? मला वाटलं, इथल्या मुसाफ्याच्या गोदामात काम करणारा माणूस, याला नळी म्हणजे पाण्याची.

गनी : बघा! अहो, सांबराच्या मागे मी बाबांबरोबर रान तुडवलंय. बाबा एकच गोळी घालायचे. शिशाची, घरी ओतलेली. चार बोटं दारू, वर काथ्याचा बोळा, मग गोळी, मग परत बोळा. खलास.

बाबाजी : एकच गोळी! म्हणजे नेम चुकला की घरी वांग्याचं भरीत. भेकराला छर्रे हवेत, गनी. भेकर म्हणजे काय, बकरीएवढं जनावर. त्याला तुझी गोळी लागली तर सागुतीला उरतं काय? तीन बोटं दारू आणि मुठीत मावतील एवढे छर्रे. आणि काथ्या कसला घालतोस? काथ्या ओल धरतो. सुकं सोडण घ्यायचं नारळाचं, हातावर चोळायचं, चिमणीच्या घरट्यासारखं मऊ झालं पाहिजे.

गनी : आमच्याकडे लुंगीचा तुकडा पण चालायचा.

बाबाजी : म्हणून तुमची सांबरं पळायची. हसून मरत असतील.

कुंदा : बाबा! भेकर, सांबर, सगळ्याला बंदी आहे. काय मोठ्यानं बोलताय? खिडकी उघडी आहे.

बाबाजी : बंदीच्या आधीचं सांगतोय मी. आणि खाली उभा आहे तो पठाण ड्रायव्हर, त्याला मराठी कळतं का?

कुंदा : तो पठाण नाही, केरळचा आहे. जाऊ दे. पालखीच्या बाराला किती?

बाबाजी : पालखीला छर्रे नाहीत. कुणाला मारायचंय? नुसती दारू आणि वर बोळा घट्ट ठासून. आवाज असा झाला पाहिजे की देवीनं पालखीत मान वळवली पाहिजे. हरी हरी.

कुंदा : हो, पण किती?

बाबाजी : तेच तर सांगतोय. भेकराला तीन...

गनी : कुंदा, एक मिनिट. नळी रिकामी आहे ना आधी? ठासणीच्या बंदुकीचं तेच असतं बघ. बाहेरून बघून काही कळत नाही. आतला बार काढला नसेल आणि त्यावर दुसरा ठासला, तर नळी फाटते. आमच्या वाडीत एकाचा हात गेलाय.

कुंदा : ते संजयनं कालच विचारलं. मी बाबांना विचारलं. बाबा, तुम्ही बंदूक भरून ठेवली नव्हती ना?

बाबाजी : नाही. मी भरलीच नाही.

कुंदा : नक्की?

बाबाजी : देवीशप्पथ. मी भरली नाही.

कुंदा : झालं. मागच्या शिमग्याला आई जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून बार काढलाच नाही. म्हणजे रिकामीच. दोन, तीन, चार, मधलं तीन पाठवते. 'संजय, तीन बोटं दारू, वर बोळा, छर्रे नाही. बाबांनी कन्फर्म केलंय, बंदूक रिकामी आहे.' गेला मेसेज. आता सांगा तुमचं आख्यान.

बाबाजी : बस मग, तूही बस. हां. तर सज्जनहो, चित्त द्या. तिन्हीसांजेची वेळ. मळ्यात वाल फुलोऱ्याला आलाय. आता हा बाबाजी काय करतो? हा बाबाजी पडवीत बसून पायातला काटा काढतो आणि डोळा ठेवतो मळ्याकडे...

कुंदा : बाबा, 'मी' म्हणा ना. गनीभाईंचा गोंधळ होतो.

बाबाजी : आख्यानात मी नसतो, कुंदा. बुवा कधी 'मी' म्हणतो का? बुवा म्हणतो, आता राजा काय करतो. तू मध्ये बोलू नकोस, सूर जातो. तर, मळ्याच्या बांधावर भेकर भुंकतं. कुत्र्यासारखं भुंकतं ते, गनी, तुला माहीत आहे.

गनी : माहीत आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून बाबांच्या पाठीवर चढलो होतो.

बाबाजी : भेकर भुंकतं आणि हा बाबाजी उठतो. मारायला नाही हो, बंदी आली आहे. घाबरवायला.

कुंदा : घाबरवायला छर्रे लागतात का?

बाबाजी : छर्ऱ्यांचं मी अजून काही बोललो नाही. तुला पुढची गोष्ट आधीच कशी ठाऊक?

कुंदा : सांगा, सांगा.

बाबाजी : आता माजघरात काय चाललंय? चूल पेटली आहे. ठकुबाई चुलीपुढून उठते. हात पदराला पुसते, कोरडा करते, कारण ओल्या हाताला दारू चिकटते. खुंटीवरची बंदूक काढते. दस्ता दोन पायांत धरते. शिंगातली दारू ओतते, कशी? जशी लहान मुलाच्या तोंडात साखर घालावी तशी. मग बोळा. मग गज घेते आणि ठासते. एक, दोन... गजाचा सूर बदलला की हात थांबतो. मग छर्रे...

गनी : काका, कोण ठासते?

बाबाजी : ठकुबाई.

गनी : काकू?

बाबाजी : मग कोण? मी ठासली की कधी घट्ट, कधी सैल. तिचा हात एकसारखा. पापड लाटायची, तो सगळीकडे सारखा. भाकरी तशी. बार तसा. बोट कसलं, बोटं मी लोकांना सांगायचो. ती मुठीनं घालायची आणि नजरेनं थांबायची.

कुंदा : बाबा, बंदूक आई भरायची?

बाबाजी : लग्न झाल्यापासून.

कुंदा : मला कधी दिसलं नाही. मी तिला पुसताना बघितलंय, तेल लावताना बघितलंय...

बाबाजी : तेल लावून झालं की भरायची. तू तेवढ्यात खेळायला पळायचीस. गावात सगळे म्हणायचे, बाबाजीचा बार. बार काढणारा अंगणात असतो, सगळ्यांना दिसतो. भरणारी माजघरात.

गनी : काका, एक मिनिट. पुढे सांगा. भेकराचं काय झालं?

बाबाजी : हां. तर बंदूक घेऊन हा बाबाजी बांधाच्या आड बसतो. घोड्याखाली केप लावतो, ठिणगी पाडणारी टिकली. घोडा ओढतो. भेकर वालाच्या वेलात तोंड घालतं, कान हलवतं. आणि तेवढ्यात घरातून भांडं पडल्याचा आवाज येतो. मोठं भांडं. आता हा बाबाजी काय करतो? हाक मारतो, अगं! उत्तर नाही. पुन्हा हाक मारतो. भेकर उधळतं. हा घोडा हळू खाली करतो, केप काढून खिशात घालतो आणि धावतो. ठकुबाई चुलीपुढे पडलेली. एक हात हलतोय, एक हलत नाही. हा बंदूक खुंटीला अडकवतो, संजयला हाका मारतो, रिक्षा, रत्नागिरी, इस्पितळ... हरी हरी. पुढचं आख्यान तुम्हाला ठाऊक आहे, सज्जनहो.

कुंदा : हो बाबा. ठाऊक आहे.

गनी : बंदूक खुंटीला. आणि मग?

बाबाजी : मग काय? तिचे दिवस झाले, कुंदानं तिकीट काढलं, मी इथे.

गनी : आतला बार कुणी काढला?

बाबाजी : कुठला बार?

गनी : काकूंनी भरलेला.

कुंदा : बाबा. तुम्ही म्हणालात, भरलेली नाही.

बाबाजी : मी भरली नाही म्हणालो. तू विचारलंस, तुम्ही भरली होती का. मी कधीच भरली नाही, कुंदा. देवीशप्पथ, खोटं नाही बोललो.

गनी : यल्ला, फोन लाव. आत्ता.

कुंदा : लावते. बोटिमवरून कॉल लागत नाही... रिंग जातेय. उचल ना रे. ढोल चालू असणार, ऐकू कुठून येणार त्याला? संजय, उचल.

गनी : काकूंच्या बारात छर्रे आहेत. वरून संजयची तीन बोटं. आणि समोर पालखी, सगळी वाडी!

बाबाजी : काय झालं? कुणी काय केलं?

कुंदा : बाबा, काही नाही, बसा तुम्ही. हॅलो? संजय! संजय, कुठे आहेस? हातात काय आहे? ऐकू येत नाही, ढोलापासून लांब जा. दारू घातलीस? ठासलीस पण? केप? अरे, केप लावलीस का?

गनी : काय म्हणतो?

कुंदा : म्हणतो, केप बोटात आहे. पालखी अंगणाच्या गडग्याशी आली की लावणार. लावू नकोस! फेक ती. अरे, लांब फेक. आत जुना बार आहे, छर्ऱ्यांचा. हो, बाबांनी नाही, आईनं. माझ्या आईनं रे! नंतर सांगते. गनीभाई, तो म्हणतो, गज हातभर बाहेर राहत होता, त्याला वाटलं गजच लांब आहे.

गनी : सांग त्याला, नळीचं तोंड डोंगराकडे कर, समोर माणूस नको. स्वतःचं तोंड नळीवर आणू नको. तशीच कलती टेकव लांब, आणि वरून पाणी ओत. भरपूर. दारू भिजली की मेली. मग जाणता माणूस उतरवेल सावकाश.

बाबाजी : पाणी? पाणी कुठे ओतताय?

कुंदा : बंदुकीत, बाबा.

बाबाजी : नाही! पाणी नको. कुंदा, त्याला सांग पाणी नको. आभाळाकडे धरू दे आणि काढू दे बार. तिच्या हातचा आहे तो. आता दुसरा कुठून येणार? तुझ्या आईच्या हातचं घरात काय उरलंय सांग. लोणचं संपलं. गोधडी तू इथे आणलीस ती मशीननं फाडली. एवढा एक बार राहिलाय, आणि तो पाण्यात घालता?

कुंदा : बाबा, नळी फाटेल.

बाबाजी : नाही फाटणार. तिनं भरलेल्यानं कधी फाटली नाही.

गनी : काका, माझ्याकडे बघा. काकूंनी भरलेल्यानं नाही फाटणार. शंभर टक्के. पण त्यावर संजयनं भरलंय. त्याचा हात काकूंचा नाही. संजयची मुलं तिथे उभी असतील का अंगणात?



बाबाजी : असतील. पालखीपुढे पोरंच असतात सगळी.

गनी : मग?

बाबाजी : विहिरीचं पाणी घ्यायला सांग. नळाचं नको.

कुंदा : संजय, ओत. विहिरीचं. हो, हळू. ओततोय, बाबा. म्हणतो, काळं पाणी येतंय बंदुकीच्या कानातून, केप लावतात तिथून. बुडबुडे येताहेत. झालं. लांब ठेवलीय भिंतीशी.

गनी : अल्हम्दुलिल्ला.

बाबाजी : हरी हरी. पालखी आली का?

कुंदा : दारात आली. संजय विचारतोय, बार नाही तर लोकांना सांगू काय? सगळे बाराची वाट बघताहेत. बाबाजीचा बार, बाबाजीचा बार, चाललंय.

बाबाजी : माझा नव्हता, म्हणून सांग. मोठ्यानं सांग, सगळ्यांत.

कुंदा : बरं. आणखी काही? गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिलाय, म्हणतो.

बाबाजी : गुरवाला म्हणावं, गाऱ्हाण्यात एक नाव घे. बाबाजीची बायको नको म्हणू, कुंदाची आई नको म्हणू. नुसतं ठकुबाई म्हण, देवी ओळखते तिला. आणि गनी, तू भेटला नाहीस तिला, पण नाव लक्षात ठेव हो.