आधी खोकं, मग कागद

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक. प्रमुख पाहुण्या, तपासणी प्रयोगशाळेच्या संचालिकाबाई. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना अख्खं ऑफिस भिंगकाका म्हणतं. पहिल्या रांगेतल्या आमच्या काकू. आणि गोदामातल्या, हिशेबातल्या, विक्रीतल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. आता तुम्हीच सांगा, दोन शब्दांत आमच्या विक्री विभागानं कधी साधा पंखा तरी विकलाय का? तेव्हा जरा सांभाळून घ्या.

पाहुण्यांसाठी सांगते. आम्ही परदेशातून विजेच्या वस्तू मागवतो आणि दुकानांना विकतो. माल आला की एका हमीपत्रावर लिहून द्यावं लागतं, की ही वस्तू नियमाप्रमाणे तपासलेली आहे आणि काही झालं तर जबाबदारी आमची, म्हणजे सही करणाऱ्याची. त्या कागदावर आजवर सही केली ती काकांनी. तिच्याशिवाय गोदामातून एक खोकं हलत नाही.

काका निवृत्त होणार हे कळल्यापासून मालक एकेकाला केबिनमध्ये बोलावताहेत. आता सही कोण करणार? हिशेबवाले म्हणाले, मला विजेतलं काय कळतं? गोदामप्रमुखांची कंबर नेमकी त्याच दिवशी धरली. हसू नका हो, खरंच धरली होती! परवा मालकांनी स्पष्टच सांगितलं, कोणी पुढे आलं नाही तर बाहेरचा माल बंद. मग गोदामातल्या माणसांनी काय करायचं? इथे बसलेले कितीजण याच काळजीत आहेत, ते मला दिसतंय. त्याकडे मी येणार आहे. पण आधी माझ्या आणि काकांच्या भांडणाकडे येते.

आमचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. मला माल बाहेर काढायची घाई आणि हा माणूस ताकसुद्धा फुंकून पिणारा. काकू, तुम्ही मान डोलावताय! लग्नात आलेली इस्त्री यांनी प्लगवर तपासणीची खूण नाही म्हणून माळ्यावर टाकली, हे तुम्हीच मला सांगितलंयत. यांची रीतच उलटी. सगळे कागदाला कागद लावून बघतात. हे कागद पालथे घालून ठेवतात, गोदामात जातात, ढिगातलं कुठलंही एक खोकं फोडतात, भिंगातून वस्तूच्या पाठीमागची माहितीची पट्टी वाचतात आणि मग कागद उलटतात. "आधी खोकं, मग कागद," हे यांचं पालुपद.

एका वर्षी हीटर आले. थंडी तोंडावर, दुकानदारांचे फोनवर फोन. कारखान्यानं पाठवलेला तपासणीचा अहवाल होता, शिक्के होते, फोटो होता. काकांनी खोकं फोडलं आणि म्हणाले, "फोटोत बटण बाजूला आहे. यात वर आहे."

मी म्हटलं, "एवढंच ना?"

"बटण हललं म्हणजे आतली तार दुसऱ्या वाटेनं गेली. हा अहवाल या हीटरचा नाही."

कारखान्याला विचारलं, तर ते म्हणाले, किरकोळ बदल आहे. मी तरातरा मालकांकडे गेले. बोलू नये ते बोलले. मालक माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पाठवा तपासणीला." संचालिकाबाई, तेव्हा तुमच्या प्रयोगशाळेला मी मनातल्या मनात काय काय म्हटलंय, ते इथे नको. अर्धी थंडी सरली. दुकानदारांनी ऑर्डरी फिरवल्या. आणि अहवाल आला. काय निघालं असेल? काही नाही! हीटर पास!

मी भांडायला काकांच्या टेबलाशी गेले, तर हे सगळ्यांना चहा सांगून बसलेले. घरातलं पोर पास झाल्यासारखा चेहरा. "म्हणजे उगाच अडवलंत ना?" मी विचारलं.

"उगाच कसं? काल आपल्याला वाटत होतं. आज आपल्याला माहीत आहे."

माझं डोकं असं फिरलं की पुढे कितीतरी दिवस मी यांच्याशी धड बोलले नाही.

मग माझी धाकटी बहीण बाळंत झाली. तिची खोली गारठ्याची. आमचाच हीटर तिनं दुकानातून आणला आणि मला फोन केला. "ताई, खरं सांग हं. बाळाच्या खोलीत लावू ना?"

मंडळी, आयुष्यभर मी "एकदम चांगला आहे" हे समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत म्हणत आले. धंदाच तो. पण त्या दिवशी "लाव" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की हे मी विकण्यासाठी म्हटलं नव्हतं. मला वाटत नव्हतं, मला माहीत होतं. मी रडले. मग परत फोन करून सांगितलं, "त्याच्यावर दुपटी वाळत घालू नकोस, पुस्तिकेत लिहिलंय." ती पुस्तिका आपल्या भाषेत काकांनीच लिहायला लावली होती. तेव्हाही मी कटकट केली होती म्हणा.

तर अध्यक्षमहाराज, पुढच्या महिन्यात लहान मुलांच्या खोलीतले दिवे येताहेत. त्या कागदावर सही मी करीन. टाळ्या नकोत, मला अजून भीती वाटतेय. काकांकडून मी गेले काही दिवस शिकतेय, हे आम्ही दोघांनी गुपित ठेवलं होतं. नमुन्याच्या दिव्याची फाइल परवा मी तयार केली. खोकं आधी फोडलं, काका! आज दुपारी ती यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "एकदा नजरेखालून घाला."

खिडकीबाहेर बघितल्याशिवाय पाऊस पडतोय यावर विश्वास न ठेवणारा हा माणूस. यांनी फाइल उघडलीच नाही. माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तू बघितलंयस ना? मग झालं."

काका, एवढा मोठा सत्कार माझा कोणी केला नव्हता.

सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. हे भाषण काकांना दाखवून घेतलेलं नाही. काही चुकलं असेल तर माफ करा, आणि जबाबदारी माझी.