पट्टीवरचा हिरवा रंग

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा संयोगिताताई, अधीक्षक अभियंता साहेब, सत्कारमूर्ती बसाप्पा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या दानम्मा वहिनी, आणि जेवणाचा वास सुटला तरी जागा न सोडलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

बत्तीस वर्षं विजेची लाइन सांभाळून बसाप्पा निवृत्त होताहेत. त्यांचं कौतुक सगळ्यांनी केलं. मी राजवर्धन, त्यांचा साहेब, आज कबुली द्यायला उभा आहे.

आपली लाइन जिथं टॉवरवरून उतरून मंगळवार पेठेकडच्या जमिनीखालच्या केबलमध्ये शिरते, तिथं अरेस्टर बसवलेत. वीज पडली की तिचा लोंढा केबलमध्ये न शिरता अरेस्टरमधून धातूच्या पट्टीवाटे जमिनीत जावा, एवढंच त्यांचं काम. त्यासाठी पट्टीच्या जोडावर धातूला धातू भिडलेला हवा. हे पुस्तकात मीही वाचलं होतं बरं का!

पण खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी यंत्र कसं लखलखीत पाहिजे. बसाप्पा रजेवर होते. लाइन बंद होती, म्हणून मी पट्ट्या खोलायला लावल्या, चारी बाजूंनी हिरव्यागार रंगवल्या आणि परत कसल्या. हार घातला, नारळ फोडला, फोटोही काढला. जोडांत रंग बसला, विजेची वाटच मी अडवली, आणि मला पत्ता नाही!

नंतर दुसऱ्या कामासाठी लाइन बंद ठेवली, तेव्हा बसाप्पांनी ते जोड खोलून पॉलिश पेपरनं घासून काढले. मी भडकलो. न विचारता पूजेचा रंग खरवडला म्हणून मेमो दिला. कुठले जोड, तेही ठासून लिहिलं. ते समजावत होते, मी ऐकलं नाही. साहेबपण डोक्यात गेल्यावर कुणाचं ऐकू येतं का?

चौथ्या दिवशी परतीच्या पावसात तिथंच वीज कोसळली. धावत गेलो. किती विजा जमिनीत गेल्या ते मोजणारा अरेस्टरवरचा आकडा एकानं पुढं सरकला होता, केबल शाबूत. ती फुटली असती तर रस्ता खणण्यात दिवसच्या दिवस गेले असते, आणि त्या केबलच्या विजेवर प्रसूतिगृह चालत होतं. बसाप्पांनी रंग का घासला, ते तेव्हा कळलं.

मेमो फाडायला त्यांच्याकडं गेलो. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की साहेब. उद्या मी हितं नसणार. फायलीत कागूद असला, तर नव्या माणसाला कळंल, कुठं रंग लावायचा न्हाय ते."

स्वतःवरचा ठपका या माणसानं दुसऱ्यांसाठी जपून ठेवला. आणि मी भित्रा, सात वर्षं गप्प बसलो. आज सकाळी त्या मेमोखाली लिहून सही केली, की चूक बसाप्पांची नव्हती, माझी होती. वहिनी, हे तुमच्यासमोर सांगायचं होतं.

आयोजकांनी बोलू दिलं, त्यांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. त्या रंगाचं मात्र पोटात घालू नका.