गालिचा आणि अंगठा

खोली शोधताय ना? मग हे ऐका. मी शाळा अर्धवट सोडलेला, इथे आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात स्वयंपाकी. कोविडच्या काळात शिकायला आलेला ओंकार महिनाभर माझ्याकडे जमिनीवर झोपत होता, कारण त्याला कुठेच खोली मिळत नव्हती. शेवटी एक घर बघायला मीही सोबत गेलो.

दारातच आम्ही सवयीने बूट काढले. ओंकारच्या मोज्यातून अंगठा बाहेर!

"दादा, गेली खोली," तो पुटपुटला.

म्हाताऱ्या घरमालकीणबाई मास्कमागून हसल्या. "सकाळपासून सगळे चिखलाचे बूट घालून माझा गालिचा तुडवून गेले. तू कधी राहायला येतोस?"

नाताळात त्यांनी ओंकारला हाताने विणलेले मोजे दिले. एक जोडी मलाही दिली. इतक्या मायेची सवय नाही, म्हणून लाजून मी ती अजून घातलेली नाही.