मोठी थैली पहिले

नरखेडच्या बसच्या रांगेत सरिताच्या मांगं बहीणभाऊ मोबाइलवरच्या ऑनलाइन परीक्षेवरून झगडून राहिले होते.

"दादा, पेपर संपाले दहा मिनिटं उरले. आकडे तीन, तीन, दोन, दोन, दोन. सारख्या बेरजेचे दोन भाग पाह्यजे. माहा प्रोग्राम जमत नाही म्हणते."

"काहून? मी गाडीवर संत्र्याच्या थैल्या लटकवतो तसंच लिवलं ना? मोठी पहिले, मंग हलक्या बाजूले पुढची."

"तसंच लिवलं. इकडे सात, तिकडे पाच."

"दोनाच्या फरकानं गाडी पडत नाही वं."

"मी नापास होतो ना!"

सरिता तापून मांगं वळली. "अवं, दोन्ही तीन एकीकडे टाक ना!"

"दोन मोठ्या एका बाजूले कोण लटकवते, बाई?"

"चूप दादा! सहा-सहा! म्हणजे आकड्यांचे सगळे मेळ करून पाहा लागते. तुही 'मोठी पहिले'वाली ओळ खोडली मी."

दादानं दोन्ही हातांतल्या थैल्या गुपचूप एकाच हातात घेऊन पाहिल्या.