षष्ठीचा क्षय

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याचं नाव कुठे लागलं नाही, तो आलाच नाही असं म्हणायचं का? — खांबाला टेकलेले आबा, तुम्हालाच विचारतोय! जागे आहात ना?

घाटाखालच्या एका गावात यमुनाबाई नावाची कासारीण होती. एकटी राहायची, बांगड्या भरायची. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झालेली. दर कार्तिक वद्य षष्ठीला त्याच्या नावानं पान वाढायची. त्याला आवडायचे म्हणून भोपळ्याचे घारगे करायची. एक वर्ष चुकलं नाही!

गावचे जोशी त्र्यंबकभट रोज सकाळी दारोदार तिथी सांगत जायचे. त्या दिवशी आले — "आज पंचमी हो!"

बाईनं विचारलं, "म्हणजे उद्या षष्ठी ना, भटजी?"

"छे! उद्या सप्तमी. षष्ठीचा क्षय झालाय!" — आणि चालू लागले! अहो, पुढची पंधरा घरं खोळंबली होती ना!

इकडे बाईच्या कानात एकच शब्द राहिला. क्षय! मंडळी, तिचा नवरा कशानं गेला होता? क्षयानंच! खोकून खोकून गेला बिचारा. बाईला वाटलं — क्षयानं माणूस नेला, आता त्याची तिथीही नेली! त्यानं जेवायला यायचं तरी कोणत्या दिवशी? चूल पेटवली नाही, बांगड्यांची पेटी उघडली नाही. दुपार होईतो रडली, आणि मग तरातरा जोश्यांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"भटजी, माझं काय चुकलं? देवानं माझी षष्ठी का मारली?"

त्र्यंबकभटांनी कपाळावर हात मारला. "अगं यमुना, चुकलं माझं! अर्धंच सांगून गेलो. सूर्य उगवताना जी तिथी असते, तिचं नाव दिवसाला मिळतं. आज उगवताना पंचमी होती. दोन घटकांनी संपली, षष्ठी लागली. उद्या सूर्य उगवायच्या दोन घटका आधी ती संपणार. दोन्ही सूर्योदय तिला चुकले, म्हणून दिवसाला तिचं नाव नाही. त्यालाच आम्ही क्षय म्हणतो. मेली नाही ती!"

"मग... षष्ठी आहे तरी कधी?"

"कधी काय? आत्ता! तू उभी आहेस ती षष्ठीतच! श्राद्धाला दुपारची तिथी बघतात. पळ, चूल पेटव!"

मंडळी, बाई हसते काय, रडते काय! पदर खोचून धावत सुटली. शेजारणीच्या दारातला भोपळा उचलला — विचारायलासुद्धा थांबली नाही! भराभर किसला, घारगे तळले. ऊन उतरायच्या आत पान वाढून झालं. गरम घारगा पानावर ठेवला आणि तिला सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास आला!

"या हो," ती म्हणाली, "उशीर झाला, पण चुकलं नाही."

आता तुमच्याकडे वळतो. पंचांगानं षष्ठीला दिवस दिला नाही, पण तिचं एक पळही कापलं नाही. आणि आपण? सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर जी जेवायला बसते, तिची आपल्या घरात नोंद तरी आहे का? हसू नका! आज घरी गेलात की तिला विचारा, "तू जेवलीस का?" आणि तिचं उत्तर येईपर्यंत तिथेच उभे राहा.